रांगोळीचा डबा कुणाच्या हातात?

समाजकार्याच्या मुलांना क्षेत्रकार्यासाठी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर घेऊन जाते, म्हणून हे जरा ठासून लिहितेय. आपण मुलांना सर्व्हे करायला शिकवतो, गप्प बसायला शिकवत नाही.

एका पाड्यावर अंगणात रांगोळीने गावनकाशा काढत होतो. पुरुषांनी पटापट रस्ता, देऊळ, शाळा काढली. आमच्या विद्यार्थ्याने फॉर्मवर 'विहीर: १' लिहून रकाना भरूनही टाकला. मग रांगोळीचा डबा ओसरीवरच्या बायकांकडे दिला. बराच वेळ कुणी हललंच नाही. पोरगा चुळबुळायला लागला, त्याला डोळ्यांनीच दटावलं. शेवटी एक आजी उठल्या. विहिरीच्याही खाली, नाल्यात त्यांनी एक ठिपका काढला. विहीर आटली की त्या झऱ्यावर वाटी-वाटीने हंडा भरायचा, रात्री नंबर लावून. फॉर्ममध्ये झऱ्याला रकानाच नव्हता!

समाजकार्याचा अभ्यासक रॉथमन याची गावासोबत काम करण्याची तीन प्रारूपं (स्थानिक विकास, सामाजिक नियोजन, सामाजिक कृती) मुलं घडाघडा म्हणतात. पण ग्रामपंचायतीचा 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडा ग्रामसेवकाच्या टेबलावर तयार होऊन ग्रामसभेत नुसत्या सह्यांना येतो, तेव्हा उठून काय विचारायचं, हे त्यांना सुचत नाही. पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात, पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, हे तर कित्येकांच्या गावीच नसतं.

उदाहरण हवंय तर नाशिकजवळच्या ओझरला जा. वाघाड धरणाच्या कालव्याचं पाणी टोकाला पोचत नव्हतं. बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांसोबत १९९०च्या सुमारास पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, वाटप आपसांत ठरवायचं, पट्टीही आपणच वसूल करायची. शेतकऱ्यांच्या सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला २००५ साली, म्हणजे गावं कायद्याच्या कितीतरी आधी कामाला लागली होती. बाहेरच्या कार्यकर्त्याचं काम तिथे बैठका घडवून आणायचं आणि हिशेब उघडा ठेवायला लावायचं. पाण्याची पाळी कुणाची, हे शेतकरीच ठरवणार.

आमच्याकडे मात्र सेमिस्टर बदललं की गाव बदलतं. फाईल जाडजूड, फोटो रंगीत, मार्क भरघोस; गावाला तो अहवाल कुणी वाचूनही दाखवत नाही. माझं म्हणणं एवढंच: अभ्यासक्रमाची दोन्ही वर्षं एकच गाव द्या, अहवाल आधी ग्रामसभेत वाचा आणि निम्मे मार्क गावाच्या हाती ठेवा. विद्यापीठाला हे पचणार नाही, ठाऊक आहे. पण निदान पहिल्या दोन मागण्यांना तरी कुठला नियम आडवा येतो, ते कुणीतरी सांगा.