जॉर्डनबद्दल फिरणारा तो मेसेज, आणि माझं म्हणणं

सोसायटीच्या ग्रुपवर, ट्रेकच्या ग्रुपवर, आणि परवा तर माझ्या मावशीकडूनही तोच मेसेज आला: ‘जॉर्डनला जाताय? पास घेऊ नका, फसवणूक आहे, तिकीट गेटवर काढा. दिनार म्हणजे डॉलरच समजा. पेट्रा दोन तासांत होतं, अम्मानहून जाऊन या. शाकाहारी असाल तर कुकर न्या. वाळवंट आहे, स्वेटरचं ओझं नको.’ मावशी जानेवारीत निघाली आहे. मीही आईला घेऊन जानेवारीतच गेले होते, म्हणून हे लिहिते आहे.

आधी पैशांचं, कारण तिथेच सर्वांत मोठा खड्डा आहे. भारतीय पासपोर्टवर अम्मानच्या विमानतळावर व्हिसा मिळतो, त्याचे ४० दिनार. देशात मुक्काम करणाऱ्याला पेट्राचं, म्हणजे कातळात कोरलेल्या त्या प्राचीन शहराचं, एका दिवसाचं तिकीट ५० दिनार. झाले ९०. ‘जॉर्डन पास’ ७० दिनारांपासून सुरू होतो. त्यात पेट्रा आहे, जेराशसारखी इतर बरीच ठिकाणं आहेत, आणि किमान तीन रात्री राहिलात तर व्हिसाची फीही माफ. मग फसवणूक कुठे झाली? अट एवढीच, की पास देशात उतरण्याआधी ऑनलाइन घ्यायचा. विमानतळावर व्हिसाचे पैसे भरून बसलात की ते परत मिळत नाहीत. माझा सल्ला, ७० चा घेऊ नका, ७५ चा घ्या. पाच दिनार जास्त देऊन पेट्राला दोन दिवस मिळतात. व्हिसाचे नियम मात्र बदलतात, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून खात्री करून घ्या.

दिनार म्हणजे डॉलर नव्हे. एक दिनार म्हणजे सुमारे १.४१ डॉलर, आणि हा दर बांधलेला असल्यामुळे वर्षानुवर्षं तोच आहे. बजेट डॉलरच्या हिशेबात केलंत तर खर्च चाळीस टक्क्यांनी वाढलाच म्हणून समजा. शिवाय दिनाराचे हजार फिल्स होतात, त्यामुळे बिलावर दशांश चिन्हानंतर तीन आकडे असतात. ‘३.५००’ बघून आईने पर्स घट्ट धरली होती. ते होते साडेतीन दिनार. दुकानातली पाटी अरबी आकड्यांत असली तर आपली आणखी एक चूक ठरलेली: त्यांचा पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा दिसतो, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. या आकड्यांना अरबीत ‘हिंदी आकडे’च म्हणतात, तरी आपली फसगत होते ती होतेच.

आता ‘पेट्रा दोन तासांत’. अम्मानहून गाडीने जायलाच तीन तास लागतात. गेटपासून सिक, म्हणजे ती उंच कातळांमधली चिंचोळी वाट, सुरू होईपर्यंतच पाऊण किलोमीटर चालावं लागतं. सिक स्वतः सव्वा किलोमीटरची. ती संपते तिथे अल-खजनेहचा दगडात कोरलेला दर्शनी भाग दिसतो, आणि मेसेज लिहिणारा बहुधा तिथूनच फोटो काढून फिरला असावा. खरं शहर त्याच्या पुढे आहे: नाट्यगृह, राजांची थडगी, खांबांचा रस्ता. आणि अगदी वर अद-देइर, म्हणजे ‘मठ’ म्हणतात ती कोरीव वास्तू, आठशेहून जास्त पायऱ्या चढून. पर्वती एका दमात आठ वेळा चढल्यासारखं. परतीची वाट चढाची, हे कोणी आधी सांगत नाही. आईला खजनेहपर्यंत बॅटरीच्या गाडीने नेलं, पुढे ती जमेल तेवढी चालली. गेटजवळ ‘घोडा तिकिटातच आहे’ असं सांगतात, तेही खरंच. पण उतरताना बक्षिशी मागतात. किती देणार ते आधी ठरवा, नाहीतर चालत जा.

कुकरचं म्हणाल तर ते ओझं घरीच ठेवा. हुम्मुस, फलाफल, वांग्याचं मुतब्बल, झातरचा मसाला लावलेली मनाकीश रोटी, मसूर-भाताची मुजद्दरा वर तळलेला कांदा घालून. गलायेत बंदोरा तर टोमॅटो-लसूण-मिरचीची, ऑलिव्ह तेलातली आपली चटणीच. सावध राहायचं ते एकाच बाबतीत. ‘बिदून लहम’, म्हणजे ‘मांस नको’, म्हटलं तरी कोंबडी येऊ शकते, कारण ती ‘लहम’मध्ये धरत नाहीत. ‘बिदून दजाज’ही म्हणा. मसुराच्या सूपमध्ये कोंबडीचं पाणी आहे का, तेही विचारा.

आणि स्वेटर. मावशी, तो घेच. पेट्राजवळचं वादी मूसा हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे, हिवाळ्यात तिथे कधी कधी बर्फही पडतो. पाऊस तर त्याहून गंभीर गोष्ट. १९६३च्या एप्रिलमध्ये सिकमध्ये अचानक लोंढा आला आणि वीसहून अधिक पर्यटक दगावले. त्यानंतर सिकच्या तोंडाशी, पेट्रा वसवणाऱ्या नबाती लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी बांधलेल्या बंधाऱ्याच्या जागी, नवा बंधारा उभा राहिला. आजही पावसाचा इशारा असला की गेट बंद करतात.

आमच्या पहिल्या सकाळी तेच झालं. आठ वाजता तिकीटखिडकीसमोर छत्री धरून उभे होतो, आणि रखवालदार मान हलवत होता. आमच्याकडे ७५ चा पास होता, वादी मूसात आणखी एक मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी आकाश निवळलं, आणि सिकच्या कडेला कोरलेल्या पन्हळींमध्ये कालचं पाणी अजून साचलेलं होतं.