जॉर्ज वेआ यांचा सर्वांत मोठा क्षण

जॉर्ज वेआ यांचे नाव निघाले की जुने फुटबॉलप्रेमी हटकून सप्टेंबर 1996 मधला तो गोल आठवतात. एसी मिलानच्या स्वतःच्या गोलजवळ चेंडू ताब्यात घेऊन, वेरोनाच्या खेळाडूंना एकामागून एक चकवत, जवळजवळ संपूर्ण मैदान त्यांनी एकट्याने पार केले होते. मलाही तो गोल अतिशय प्रिय आहे. तरीही वेआ यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण कोणता असे कोणी विचारले, तर मी नोव्हेंबर 2023 मधल्या एका संध्याकाळचे नाव घेईन. त्या संध्याकाळी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाचे राष्ट्राध्यक्ष असलेल्या वेआ यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याला फोन करून त्याच्या विजयाबद्दल त्याचे अभिनंदन केले.

लायबेरियाची राजधानी मन्रोव्हियातील क्लारा टाउन या झोपडवस्तीत वाढलेल्या या मुलाला 1988 मध्ये प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी मोनॅको या क्लबमध्ये आणले. 1995 मध्ये त्यांना वर्षातील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूचा बॅलन डी'ऑर हा पुरस्कार मिळाला आणि हा सन्मान मिळवणारे ते आजही एकमेव आफ्रिकी खेळाडू आहेत. त्या काळात मायदेशी यादवी युद्ध पेटलेले होते आणि राष्ट्रीय संघाच्या प्रवासाचा व गणवेशाचा खर्च वेआ स्वतःच्या खिशातून करत होते. 2002 च्या विश्वचषकाची पात्रता त्या संघाने अवघ्या एका गुणाने गमावली. नायजेरियाचे 16 गुण होते, लायबेरियाचे 15.

लायबेरियात सत्ता कशी बदलत असे, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या फोनचे मोल कळणार नाही. 1980 मध्ये सॅम्युअल डो यांच्या सैनिकांनी राष्ट्राध्यक्ष टॉल्बर्ट यांची हत्या केली, डो सत्तेवर आले आणि 1990 मध्ये खुद्द डो यांना बंडखोरांनी हालहाल करून मारले. त्यानंतर 2003 पर्यंत धुमसत राहिलेल्या युद्धांत सुमारे अडीच लाख माणसे गेली. 2005 च्या निवडणुकीत पहिल्या फेरीत आघाडीवर असलेले वेआ दुसऱ्या फेरीत एलन जॉन्सन सर्लीफ यांच्याकडून हरले, तेव्हा त्यांनी गैरप्रकारांची तक्रार केली, त्यांचे समर्थक रस्त्यावर उतरले आणि राजधानीत भीतीचे वातावरण पसरले. सर्लीफ यांना 2011 मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. परंतु दोन कार्यकाळ संपताच त्या राज्यघटनेप्रमाणे पायउतार झाल्या, हे मला त्या पुरस्काराहून अधिक महत्त्वाचे वाटते. 2018 मध्ये त्यांच्याकडून सूत्रे स्वीकारणारे वेआच होते. एका निर्वाचित अध्यक्षाकडून दुसऱ्याकडे शांततेने सत्ता जाण्याची 1944 नंतरची ती पहिलीच वेळ होती.

अध्यक्ष म्हणून वेआ यांनी निराशा केली, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. भ्रष्टाचार निपटण्याचे आश्वासन देऊन ते आले आणि 2022 मध्ये त्यांच्याच निकटच्या अधिकाऱ्यांवर अमेरिकेने भ्रष्टाचारावरून निर्बंध लादले. युद्धगुन्ह्यांसाठी न्यायालय स्थापण्याची पीडितांची मागणी त्यांच्या कारकिर्दीत तशीच पडून राहिली. महागाईने लोक त्रासलेले असताना 2022 च्या अखेरीस ते कित्येक आठवडे परदेशी होते. त्याच दौऱ्यात कतारमध्ये त्यांनी आपल्या मुलाला, टिमोथीला, अमेरिकेकडून विश्वचषकात गोल करताना पाहिले. जो विश्वचषक बापाला कधी खेळता आला नाही, तिथे मुलाचा गोल पाहण्याची ओढ मी समजू शकतो. तरीही देशाच्या प्रमुखाने इतका काळ बाहेर राहणे मला मुळीच पटलेले नाही.

मतदारांनी या साऱ्याचा हिशेब मांडला. 2023 च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत विरोधी उमेदवार जोसेफ बोआकाई यांना 50.64 टक्के मते मिळाली, वेआ यांना 49.36 टक्के. अंतर जेमतेम 20 हजार मतांचे होते. त्याच वर्षी नायजर आणि गॅबनमध्ये लष्कराने सत्ता बळकावली होती, तर शेजारच्या गिनीत 2021 पासून लष्कराचीच राजवट होती. इतक्या निसटत्या निकालावर वेआ अडून बसले असते, तर त्यांच्यामागे उभे राहणारे हजारो तरुण मन्रोव्हियात होते. अंतिम निकाल जाहीर होण्याआधीच त्यांनी बोआकाईंना फोन केला आणि रेडिओवरून देशाला सांगितले की आपला पक्ष हरला आहे, पण लायबेरिया जिंकला आहे. 2005 मध्ये, वयाच्या 39 व्या वर्षी, जो पराभव पचवायला त्यांना कित्येक आठवडे लागले होते, तसाच पराभव 57 व्या वर्षी, राष्ट्राध्यक्षपदावर बसलेले असताना, त्यांनी मतमोजणी पूर्ण होण्याआधीच स्वीकारला.