‘ओबीए फोटो खातो’ हे खरं नाही

एक मेसेज सारखा फिरतोय: “कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात ओबीए नावाचं ब्लीच घालतात. ते शाई खातं आणि वर्षभरात प्रिंट पिवळी पाडतं. ओबीए-फ्री कागदच घ्या, तो शंभर वर्षं टिकतो. नाही मिळाला तर यूव्ही काच लावा.” यावर विसंबून लोक चांगले कागद टाकून देतात आणि खरी काळजी घ्यायची तिथे घेत नाहीत, म्हणून हे सविस्तर.

‘ब्लीच’. ब्लीच लगद्यातला रंग काढून टाकतं. ओबीए म्हणजे ऑप्टिकल ब्राइटनर, तो काहीच काढत नाही. ही बहुतेक स्टिल्बीन वर्गातली द्रव्यं डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि ती ऊर्जा ४४० नॅनोमीटरच्या आसपास निळ्या प्रकाशाच्या रूपात परत देतात. कागदाचा मूळचा पिवळसरपणा त्या निळ्यात झाकला जातो. कपडे धुण्याच्या पावडरीतही याच जातकुळीची द्रव्यं असतात.

‘शाई खातं’. डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई, उडते ती उजेडाने आणि हवेतल्या ओझोनने. कागदावरच्या सच्छिद्र कोटिंगमध्ये, म्हणजे शाई शोषणाऱ्या थरात, हवा थेट रंगापर्यंत पोचते, त्यामुळे तिथे जास्तच. ओबीए नसलेल्या तशाच कोटिंगवरही ती उडते.

‘वर्षभरात पिवळी’. यात अर्धं सत्य आहे. उजेडात ब्राइटनर हळूहळू निकामी होतो, निळी झळाळी ओसरते आणि कागदाचा मूळ रंग वर येतो. त्यात नवा पिवळा डाग पडलेला नसतो. बरीच वर्षं भिंतीवर राहिलेली प्रिंट माउंटमधून, म्हणजे भोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीतून, काढून पाहा: झाकलेली कडा अजून निळसर पांढरी, मधला भाग सायीच्या रंगाचा, आणि दोहोंमध्ये सरळ रेघ. हा दोष खराच आहे, तो मी नाकारत नाही. पण ‘वर्षभरात’ला काही आधार नाही; वेग ठरतो तो उजेडावर. फोटो-कागदात ब्राइटनर १९५०च्या दशकात आले. अमेरिकी छायाचित्रकार लुईस हाइन वारले १९४० साली. त्यांच्या हयातीतल्या म्हणून विकल्या गेलेल्या काही प्रिंट्समध्ये ब्राइटनर सापडले आणि त्या नंतर काढलेल्या आहेत हे उघड झालं. अनेक दशकांनंतरही ती झळाळी शाबूत होती म्हणूनच ना?

खरा पिवळेपणा वेगळ्या वाटांनी येतो. लगद्यात उरलेलं लिग्निन, म्हणजे लाकडातलं तंतू बांधणारं द्रव्य, हे एक कारण. दुसरं, प्लास्टिकमध्ये अँटिऑक्सिडंट म्हणून घातलेलं बीएचटी. ते सच्छिद्र कोटिंगमध्ये शिरलं की कडांपासून पिवळं चढत जातं, तेही अंधारात ठेवलेल्या प्रिंटवर. असा पिवळेपणा पुष्कळदा उजेडात ठेवल्यावर उतरतो. ब्राइटनर निकामी झाला असता तर उलटं घडलं असतं. प्लास्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षं पडलेल्या प्रिंट्सच्या कडा आधी तपासा, मग कागदाला दोष द्या.

‘ओबीए-फ्री म्हणजे शंभर वर्षं’. नाही. कागद आम्लमुक्त आहे का, लगदा कापसाचा की लाकडाचा, शाई पिगमेंट (न विरघळणाऱ्या बारीक कणांची) की डाय, यांतलं काहीही त्या लेबलवरून कळत नाही.

‘यूव्ही काच लावा’. जरूर लावा, ऱ्हास मंदावतो. पण ब्राइटनरला लागणारे किरणच काच अडवते, त्यामुळे झळाळी त्याच दिवशी जाते. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीखालीही तेच होतं, कारण त्यात अतिनील जवळपास नसतोच. खिडकीपाशी गार, म्हणजे निळसर, दिसणारी प्रिंट तिथे उबदार, म्हणजे पिवळसर, दिसते, आणि करड्या छटांत हे चटकन जाणवतं. म्हणून प्रिंट काचेमागे किंवा एलईडीखाली राहणार असेल तर प्रोफाइल (प्रिंटर त्या कागदावर रंग कसे छापतो याची मोजून बनवलेली फाइल) एम२ पद्धतीने, म्हणजे अतिनील वगळून मोजलेलं घ्या. हातात धरून दिवसाच्या उजेडात पाहायची असेल तर एम१, म्हणजे अतिनील धरून मोजलेलं.