५३५ वर असले उतारे चालत नाहीत

कॉलेजात प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आले की आमच्या तालुक्यातल्या पोट्ट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. "कोडमधून जीमेल जात नाही? ५३५ एरर? पाच मिनिटांत इलाज. एक, लेस सिक्युअर ॲप्स चालू करा. दोन, टू-स्टेप व्हेरिफिकेशन बंद करा. तीन, ५८७ ऐवजी पोर्ट २५ टाका. चार, सर्टिफिकेटची तपासणी बंद करा. पाच, पासवर्ड थेट कोडमध्ये लिहा, एन्व्ही फाइलची भानगडच नको." खाली जोडलेले हात आणि 'सगळ्यांना पाठवा'. (५३५ म्हणजे मेल सर्व्हरने लॉगिन नाकारल्याचा एरर नंबर, पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, आणि एन्व्ही फाइल म्हणजे पासवर्डसारख्या गोष्टी कोडबाहेर ठेवायची फाइल.)

यातलं बरंचसं मी स्वतः करून पाहिलंय. चार उतारे साफ चुकीचे आहेत, पाचव्यात चिमूटभर खरं आहे.

पहिल्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. नुसत्या पासवर्डवर कुठल्याही ॲपला खात्यात शिरू देणारी ती सोय वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने ३० मे २०२२ पासून बंद केली. जे बटण उरलंच नाही ते चालू कसं करणार?

दुसरा मात्र उलटा मारतो. आज साध्या जीमेल खात्यातून कोडने मेल पाठवायचा सोपा रस्ता म्हणजे ॲप पासवर्ड, मुख्य पासवर्डाऐवजी प्रोग्रामला द्यायची, चार-चारच्या गटांत दिसणारी १६ अक्षरं. आणि तो मिळतोच मुळी टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पायरी, चालू असेल तर. ते बंद केलं की इलाजाचं दारच बंद. (कॉलेजने दिलेल्या खात्यात हा पर्याय दिसत नसेल तर तिथल्या ॲडमिनने अडवलेला असू शकतो. प्रोजेक्टपुरतं स्वतःचं वेगळं खातं काढा.)

ॲप पासवर्डची एक खोड मला महागात पडली. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगला (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) काटापावती, म्हणजे वजनाची पावती, व्यापाऱ्याच्या मेलवर पाठवणारा छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. भर डिसेंबर, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि मेल बंद. मुनीमजी एकच विचारत होते, "काहून भाऊ, काल त जात होते ना?" मी राऊटर बंद-चालू केला, मोबाइलचं नेट जोडलं, पोर्ट बदलले. दोन तास गेले. मग मालकाचा मुलगा चहा घेता घेता सहज बोलला, की रात्री त्याने खात्याचा पासवर्ड बदलला. मुख्य पासवर्ड बदलला की गूगल आधीचे ॲप पासवर्ड रद्द करतं. कोडमधली एक ओळही चुकलेली नव्हती. नवा ॲप पासवर्ड काढला, पावत्या सुरू झाल्या.

त्या दिवशी मी जे विसरलो, तेच तिसरा आणि चौथा उतारा विसरतात. ५३५ हे सर्व्हरचं उत्तर आहे. म्हणजे नेट चालू आहे, पोर्ट बरोबर आहे, सर्व्हरने तुमचं नाव आणि पासवर्ड नीट ऐकून घेतलाय आणि नाही म्हटलंय. दारात उभं करून 'ओळख पटत नाही' म्हणणाऱ्याच्या घरी दुसऱ्या रस्त्याने गेलात तरी तो तेच म्हणणार. पोर्ट २५ तर सर्व्हरने सर्व्हरला मेल द्यायचं पोर्ट. बऱ्याच नेट कंपन्या आणि क्लाउडवाले ते अडवून ठेवतात. मग ५३५ जाऊन टाइमआउट येतो, आणि एरर बदलली म्हणून पोट्टे खूश! ५८७ वर साध्या जोडणीतून सुरुवात होऊन स्टार्ट-टीएलएसने तिला कुलूप (एन्क्रिप्शन) लावावं लागतं, ४६५ वर ते टीएलएसचं कुलूप पहिल्यापासून असतं. नोडमेलरमध्ये (कोडमधून मेल पाठवायची लायब्ररी) ५८७ सोबत 'सिक्युअर' ट्रू ठेवलं की येते ती 'राँग व्हर्जन नंबर'ची ओरड, ५३५ नव्हे. ५३४-५.७.९ दिसला तर गूगल सरळच ॲप पासवर्ड मागतंय. ५५०-५.४.५ म्हणजे दिवसाचा कोटा संपला. साध्या खात्याला तो ५०० मेलचा आहे.

सर्टिफिकेटची तपासणी, म्हणजे समोरचा सर्व्हर खरंच जीमेलचाच आहे ना याची खात्री, लॉगिनच्या आधी होते. ५३५ पर्यंत पोचलात म्हणजे ती आड आलेली नाही. ती बंद करून एवढंच होईल, की मधे कोणी जीमेल असल्याचं सोंग घेऊन बसला तर पासवर्ड त्याच्या हातात जाईल.

आता पाचवा. पासवर्ड कोडमध्ये लिहिल्यावर कधीकधी मेल खरंच जातो, म्हणून तर हा मेसेज जिवंत आहे. पण कारण वेगळं असतं: एन्व्ही फाइल भलत्याच फोल्डरमध्ये असते, किंवा पासवर्डात # असतो. काही लायब्ररी # पासून पुढचं शेरा समजून गाळतात आणि सर्व्हरला अर्धाच पासवर्ड जातो. होस्टिंगवाल्याच्या मेलखात्यात हे जास्त होतं. पासवर्ड अवतरणचिन्हांत ठेवा, भागतं. कोडमध्ये लिहिलेला पासवर्ड मात्र एक दिवस कोडसोबत गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, जातो. ॲप पासवर्ड ज्याच्या हाती लागला त्याला दुसरी पायरी विचारलीच जात नाही. तो तुमच्या नावाने मेल पाठवेल आणि आलेलेही वाचेल. जिनिंगच्या मेलमध्ये भाव असतात, बँकेचे खातेक्रमांक असतात.

त्यापेक्षा पासवर्ड न छापता त्याची फक्त लांबी छापून पाहा. १६ आली तर ठीक. १९ आली तर मधल्या तीन मोकळ्या जागाही सोबत आल्यात, त्या काढा. आणि शून्य आली, तर गूगलला शिव्या घालणं थांबवा. तुमची फाइल वाचलीच गेलेली नाही.