आजोबांची आंघोळ

आजोबांना न्हाऊ घालायचा दिवस ठरला की घरातल्या सगळ्यांना नेमकी बाहेरची कामं आठवतात. आजोबा म्हणजे खिडकीतला वीतभर निवडुंग. शास्त्रीय नाव सेफॅलोसेरियस सेनिलिस. मूळचा मेक्सिकोतल्या हिदाल्गोकडचा. तिकडे त्याचे भाऊबंद दहा-बारा मीटर उंच खांबासारखे उभे असतात. आमचा चार वर्षांत चार बोटं वाढला, तीही मोजणाऱ्याची बोटं बारीक असतील तर.

अंगभर पांढरी जटा. ते केस म्हणजे खरं तर काटेच, उन्हातान्हापासून आणि थंडीपासून खोडाला जपणारे. पाहुणे ‘अय्या, किती मऊ!’ म्हणत हात फिरवतात आणि आत दडलेले पिवळे काटे त्यांना भेटतात. मी आधी सांगत नाही. एवढा एकच विरंगुळा आहे मला.

हे आजोबा दुसरे. पहिले पाण्याने गेले. मी निम्म्याहून जास्त भरड वाळू आणि विटांचा चुरा घालून माती केली होती, हिवाळ्यात पाणी बंद ठेवलं होतं. पण ‘बिचारा किती वाळलाय हो’ म्हणून ही गुपचूप रोज पेलाभर ओतत होती. बरं, वरून काही कळेल तर शपथ! जटा तशीच पांढरीशुभ्र. मी आपला इमानेइतबारे कुंडी उन्हाकडे फिरवतोय. एके दिवशी सहज टेकू द्यायला गेलो, तर आजोबा हातात आले. आत नुसता लगदा. गेले नेमके कधी, हे आजवर समजलेलं नाही.

तर आंघोळ. कारण पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडांवरची कीड. हा प्राणी पांढरा, कापूस पांघरलेला, आणि राहायला निवडतो पांढऱ्या जटेत. आधी मातीवर प्लास्टिक गुंडाळायचं, म्हणजे साबणाचं पाणी मुळांत जात नाही. मग कोमट पाण्यात दोन थेंब सौम्य साबण, जुना टूथब्रश, आणि वरून खाली हलक्या हाताने विंचरणं. ढेकूण सापडला की स्पिरिटचा बोळा. शेवटी साध्या पाण्याने धुऊन सावलीत, वाऱ्यावर वाळवायचं. ओले आजोबा चिंब भिजलेल्या मांजरासारखे दिसतात आणि तेवढेच रागावलेले वाटतात.

संध्याकाळी ही आली. मी चिमट्याने अंगठ्यातला सातवा काटा काढत होतो.

“उजळले हो! आता फूल कधी येणार?”

“पाच-सहा मीटर झाले की. रात्री उमलतं, वटवाघळं येतात.”

तिने खिडकीची उंची नजरेने मोजली आणि काही बोलली नाही. मी वाळलेली जटा फुलवून शेवटचा कंगवा फिरवला. शेंड्याजवळ कापसाचा एक कण राहिला होता. तो टिपायला बोट पुढे केलं, तर कण सावकाश चालू लागला.