तुकोबा, गिटार आणि आमचे साताऱ्याचे मामा

आषाढी जवळ आली की आमच्या घरच्या ग्रुपवर ठरलेला कार्यक्रम असतो. कुणीतरी तरुण पोरांनी ड्रम-गिटारवर गायलेला अभंग टाकतं आणि साताऱ्याचे मामा तुटून पडतात, "बाटवलं तुकोबांना!" यंदा मी मध्ये पडलो. लगेच उत्तर आलं, "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस."

आता शिकवतोच.

१९९९ च्या एप्रिलमध्ये इथे कॅलिफोर्नियात, बर्कलीला, मेटॅलिका हा हेवी मेटल बँड दोन रात्री सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी या वाद्यवृंदाबरोबर वाजला. त्याचा 'एस अँड एम' हा अल्बम निघाला. संगीतकार-संचालक मायकल केमनने वाद्यवृंदाला नुसतं गिटारच्या मागे उभं केलं नाही, त्यांच्यासाठी वेगळे सूर लिहिले. सगळीकडे जमलंय असं नाही. वेगवान गाण्यांत व्हायोलिनं पार बुडतात. पण 'द कॉल ऑफ क्टुलु' ऐका. त्याला २००१ साली ग्रॅमी मिळालं ते उगाच नाही.

२०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चेस सेंटर या भल्यामोठ्या बंदिस्त स्टेडियमचं उद्घाटनच या जोडीच्या दुसऱ्या खेपेने झालं. मी इथल्या लोकलने, कॅलट्रेनने गेलो होतो. मधेच सिम्फनीचा मुख्य बेसवादक स्कॉट पिंगेल एकटा पुढे आला. क्लिफ बर्टन हा मेटॅलिकाचा बेसवाला १९८६ मध्ये बस अपघातात गेला; त्याचा सोलो पिंगेलने उभ्या बेसवर, त्याच करकरीत आवाजात वाजवला. पहिल्या सुरांनाच काळ्या टी-शर्टातल्या मेटॅलिकाच्या चाहत्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. कोणी कोणाला बाटवलं, सांगा मामा!

इकडे पाश्चात्यांत असले वाद होत नाहीत, असंही मी ग्रुपवर ठोकून दिलं. ते तितकंसं खरं नाही. १९६९ मध्ये डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर वाजला, तेव्हा वादकांतल्याच काहींनी नाकं मुरडली होती. ते मी ग्रुपवर लिहिलं नाही. मामांना कशाला आयतं कोलीत द्या?

उलट मी त्यांना विचारलं, की ज्या नाट्यपदांवर तुम्ही जीव टाकता, त्यांच्या साथीचा पायपेटीचा ऑर्गन काय देहू-आळंदीहून आला? आणि हार्मोनियम? तिला तर आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत दारातच उभं केलं नव्हतं. आज तिच्याशिवाय भजन होतं का?

यावर मामांनी एवढंच लिहिलं, "तू वारीत कधी चाललास?"

नाही चाललो. पुण्यात होतो तेव्हा पालखी दारावरून जायची आणि मी ट्रॅफिकला शिव्या घालायचो. अभंग ऐकायला लागलो ते इथे आल्यावर, एकशेएक नंबरच्या हायवेवर गाडी तुंबली की. तेही बहुतेक गिटारवालेच. टाळ-मृदंगाचे लावले की घशात काहीतरी अडकतं आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये पाच मिनिटं बसून राहावं लागतं. हे मामांना कोण सांगणार? ते गुडघे दुखत असतानाही लोणंद ते फलटण चालतात. त्यांचा तुकोबांवरचा हक्क माझ्यापेक्षा मोठा आहे, कबूल.

पण हार्मोनियमचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.