मामांचा नाका

सकाळी पावणेसहाला मामांचा फोन आला की दोनच शक्यता असतात, एकतर कोणीतरी गेलेलं असतं नाहीतर कोणीतरी जायच्या बेतात असतं. त्यामुळे फोन उचलतानाच मी उठून बसले, स्वारगेटहून सांगलीची पहिली गाडी किती वाजता असेल याचा हिशोब डोक्यात सुरू, आणि पलीकडून मामा एकदम दबक्या आवाजात, "मने, तू बोलू नकोस, नुसतं ऐक. आपलं घर हॅक झालंय."

म्हणलं कुठनं बोलताय? तर म्हणे गच्चीवरनं. खाली बोललेलं राऊटर ऐकतो.

"तू आयटीत आहेस ना, तूच येऊन बघ." आता मी एका आयटी कंपनीत एचआरला आहे. लोकांच्या रजा मोजणं आणि कोणी राजीनामा दिला की चेहरा पाडून "का बरं?" असं विचारणं एवढंच माझं काम, प्रिंटर अडकला तर आम्ही पण तिकीट टाकून वाट बघत बसतो. पण नात्यात हे कोणाला समजावणार, ज्या बिल्डिंगमध्ये कॉम्प्युटर आहेत तिथला वॉचमनसुद्धा आमच्याकडे आयटीतच असतो. आणि खरं सांगायचं तर मागच्या वर्षी आमच्या फ्लॅटमधला राऊटर मी स्वतः सेट केला होता, तीन तास, दोन व्हिडिओ आणि नवऱ्याबरोबर एक भांडण एवढ्या भांडवलावर, त्यामुळे थोडी खुमखुमी पण होतीच.

शनिवारी सांगलीत विश्रामबागला पोचले तर हॉलमध्ये राऊटर दिसेना. मामांनी त्याच्यावर पोह्यांचा स्टीलचा डबा उपडा घातला होता, डब्यावर वजनाला वरवंटा. का, तर लहरी बाहेर जाऊ नयेत. शास्त्र म्हणून बघितलं तर हे अगदीच चूक नाही, धातूच्या डब्यातून वायफाय जेमतेमच बाहेर येतं, पण त्यामुळे मामीची सिरीयल तीन दिवस गोल गोल फिरत होती आणि पोहे पातेल्यात उघडे पडले होते, आणि मामी या दोन्ही गोष्टींचा हिशोब मामांकडून रोज थोडा थोडा वसूल करत होती.

मामांकडे पुरावे तयार होते, वहीत नंबर टाकून. एक, सगळे झोपल्यावर पण राऊटरची लाईट लुकलुकते, म्हणजे रात्रीचं कोणीतरी येतं-जातं. दोन, फोनमध्ये वायफायची यादी उघडली की त्यात "पोलीस व्हॅन ४" असं दिसतं, म्हणजे आपल्यावर पाळत आहे. तीन नंबरचा पुरावा सांगताना मामा जरा अडखळले. सोमवारी रात्री बातम्या बघत असताना टीव्हीनं आपोआप बातम्या बंद केल्या आणि डीजेवरचं एक गाणं लावलं. "म्हणजे कसलं गाणं?" "नाचाचं." "मग?" "मग काय, तुझी मामी माझ्याकडं बघायला लागली."

मामांना हसणं सोपं आहे, पण माणूस महापालिकेत जकातीला होता. सगळी नोकरी नाक्यावर. आलेली गाडी थांबवायची, ताडपत्री वर करायची, बिल्टी म्हणजे मालाचा कागद आणि माल जुळतोय का बघायचं, पावती फाडायची. पुढं जकात गेली, तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, एलबीटी पण गेला, २०१७ ला जीएसटी आला आणि महामार्गावरच्या नाक्यांची नुसती शेड उरली. आणि अशा माणसाच्या हॉलमध्ये एक पांढरी डबी आणून ठेवलेली, जिच्यातनं दिवसरात्र माल येतोय-जातोय आणि तपासायला कोणी नाही. त्याला झोप लागेल का?

लॅपटॉप काढला, राऊटरच्या सेटिंगचं पान उघडायला १९२.१६८.१.१ टाकलं. युजरनेम ॲडमिन. पासवर्ड? मी जरा नाटकीपणे बोटं मोडली आणि तिथंही ॲडमिन टाकलं. उघडलं. मामा खुर्चीतनं उठलेच. "हे कुणी ठेवलं असलं?" म्हणलं कनेक्शन द्यायला आलेल्या पोरानं, तो शंभर घरी हेच ठेवतो. मग मी त्यांना २०१६ ची गोष्ट सांगितली, मिराई नावाचा एक व्हायरस निघाला होता, तो काही फार हुशार नव्हता, कंपनीतून येतात तसल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या त्याला पाठ, त्या घेऊन दारोदार फिरायचा, हीच जोडी त्यात होती. त्यानं लोकांच्या घरातले लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले आणि त्या ऑक्टोबरात एक दिवस अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स असल्या मोठमोठ्या साइट्स काही तास आडव्या पाडल्या.

मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे ॲडमिन-ॲडमिनवर अमेरिका बंद पडली."

कधीकधी वाटतं की आमच्या कंपनीच्या सिक्युरिटी ट्रेनिंगच्या पाऊण तासात एवढं एक वाक्य मिळालं असतं तर बरं झालं असतं.

लाईटचं कोडं त्यांच्या भाषेत सोडवलं. म्हणलं आपण झोपलो तरी फोन झोपत नाहीत, फोटो वर चढवत असतात, मेसेज आणत असतात, टीव्ही स्वतःचे अपडेट मागवतो. बाहेरून अनोळखी लोक दारं वाजवून जातात तेही रोज, पण राऊटरचा नियम असा की आतून कोणी मागवलेलं असेल तेच आत सोडायचं, बाकीचं परत. मामांचे डोळे चमकले. "म्हणजे बिल्टी बघतो." म्हणलं हो, बिल्टीच बघतो. "मग हे आधी सांगायचं की!" आणि वरवंटा उचलून स्वतः स्वयंपाकघरात ठेवून आले. डबा मात्र तिथंच राहिला, जवळ, वेळ पडली तर.

मग जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली आणि इथं माझाच चेहरा पडला. घरात माणसं दोन, यंत्रं चौदा.

मामांनी पेन उघडलं. पहिले तीन सापडले, मामांचा फोन, मामीचा फोन, टीव्ही. चौथं नाव "ईएसपी" आणि पुढं आकडे. मी शोधलं तर ती चिप बनवणारी कंपनी शांघायची. हे मी मोठ्यानं वाचायला नको होतं. "चायना!" मामा ओरडले. पुढचा अर्धा तास आम्ही चिनी हेर शोधत घरभर फिरलो, शेवटी तो देवघरात सापडला, दादानं दिवाळीला बंगलोरहून पाठवलेला रंग बदलणारा बल्ब. गणपतीच्या वर लटकून तो सोनेरी प्रकाश देत होता. मामांनी त्याला काढला नाही, पण संध्याकाळी शुभंकरोती म्हणताना आवाज जरा खाली ठेवला असं मामी सांगते.

तरी दहा उरले. म्हणलं मामा, पासवर्ड काय आहे वायफायचा? "माझा मोबाईल नंबर." म्हणलं मग अख्ख्या सांगलीला माहिती असणार. तेवढ्यात मामी पदराला हात पुसत बाहेर आली आणि यादीवर नजर टाकून म्हणाली, "ह्यात काय शोधताय? हा शेजारचा ओंकार, त्याचा नेटपॅक संपला की तो ह्यावर अभ्यास करतो. हा गवळी, त्याला पेमेंट आलेलं बघायचं असतं. ही पोळीवाली. हे सगळे भिशीचे." भिशीच्या बायकांना दर महिन्याला कोण सांगत बसणार, म्हणून तिनं पासवर्ड मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजला चिकटवला होता, लिंबू-मिरचीच्या आकाराच्या मॅग्नेटखाली. मी आल्यापासून चार वेळा फ्रिज उघडला होता आणि मला पण दिसला नव्हता.

ओंकारला बोलावलं. बारावीतलं पोर, आत येतानाच अपराधी. "पोलीस व्हॅन ४" हे त्याच्या हॉटस्पॉटचं नाव निघालं. आणि सोमवारी त्याला ते गाणं मित्राला दाखवायला त्याच्या घरच्या टीव्हीवर टाकायचं होतं, पण फोन आमच्या वायफायवर, त्यामुळे फोनला जो टीव्ही दिसला त्यावर गेलं. सगळं तीस सेकंदात. मामीनं मामांकडे बघितलं, आता जरा वेगळ्या नजरेनं, आणि आत जाऊन सगळ्यांना चहा टाकला. चार दिवसांनी माणूस निर्दोष सुटला म्हणायचा.

मग कामाला लागलो. राऊटरचा ॲडमिन पासवर्ड बदलला. बाहेरून राऊटर चालवायची सोय चालू होती ती बंद केली. पासवर्ड न टाकता यंत्र जोडायला डब्ल्यूपीएस म्हणून एक बटण असतं, त्याचा पिन दिसायला आठ आकडी पण राऊटर तो दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे कोटीभर पिन तपासायच्या ऐवजी अकरा हजार प्रयत्नांत खेळ खलास, हे २०११ लाच उघडकीला आलंय, तेही बंद. यूपीएनपी काय हे समजावताना मी म्हणलं की घरातलं कुठलंही यंत्र नाक्याला न विचारता मागचं दार उघडून घेऊ शकतं, तर मामा इतके संतापले की "ह्याला मंजुरी कुणी दिली?" असं मलाच विचारलं. बंद केलं.

फर्मवेअर म्हणजे राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याच्या अपडेटला खरी मजा आली. स्क्रीनवर लिहून आलं की मधे वीज गेली तर राऊटर कायमचा निकामी होऊ शकतो. मामा लगेच मेन स्विचपाशी जाऊन उभे राहिले, एक हात आडवा धरून, मामीला मिक्सर लावू देईनात, फ्यूज उडेल म्हणून. राऊटरच्या सगळ्या लाईट गेल्या, मामा म्हणाले गेला. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला.

मी स्क्रीनकडे बघत होते पण कान मामांकडे. फोनवर बोलता बोलता मामा सरळ उभे राहिले. "होय साहेब. नाही साहेब, बिल भरलंय मी. अपडेट नाही का झालं? आज रात्री साडेनऊला कट? नको नको साहेब, सांगा काय करायचं, पेन घेऊ का?" जो माणूस चार दिवस एका लुकलुकत्या लाईटला घाबरून गच्चीवरनं बोलत होता तो आता वीज कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या नावाखाली बोलणाऱ्या कोणा उपटसुंभाच्या सांगण्यावरून एक ॲप टाकायला निघाला होता, ज्यानं फोनची अख्खी स्क्रीन त्याला दिसली असती. बोट इन्स्टॉलवर. मी झेप घेऊन फोन ओढला. म्हणलं तुमचं नाव सांगा, ऑफिसचा पत्ता सांगा. त्यानं माझ्या आईचा उल्लेख केला आणि फोन ठेवला.

"एवढं सभ्य बोलत होता गं," मामा म्हणाले. हात जरा थरथरत होता. "मुख्य कार्यालय म्हणाला."

मी रागावणार होते, खरं तर वाक्य पण तयार होतं. पण ते एवढंसं तोंड करून मेन स्विचपाशी उभे, म्हणून मी दुसरंच विचारलं. म्हणलं मामा, तुमच्या वेळी चोरटा माल नाक्यावरनं यायचा का?

"खुळी आहेस काय, नाक्यावरनं कोण आणतंय? शेतातल्या कच्च्या रस्त्यानं घालायचे गाडी. नाहीतर मग ड्रायव्हरच येऊन सांगायचा, मोठ्या साहेबांचा माल आहे, सोडा. नवीन पोरं लगेच दांडा वर करायची, त्यांना वाटायचं..." आणि मधेच थांबले.

राऊटरची हिरवी लाईट परत आली. दोघांनी पण तिकडं बघितल्यासारखं केलं. थोड्या वेळानं त्यांनी तो नंबर तक्रारीत टाकायला लावला आणि वहीच्या पहिल्या पानावर १९३० लिहिलं, सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर, दोनदा खाली रेघ ओढून. त्या वहीत पुराव्यांची पानं होती ती त्यांनी फाडली.

राहिला वायफायचा पासवर्ड. म्हणलं लांब पाहिजे, लक्षात राहणारा पाहिजे, आणि कोणाला सुचणार नाही असा पाहिजे. मामा दोन सेकंदात म्हणाले, "त्र्याण्णव साली हळदीच्या पोत्याखाली कापडाचे तागे सापडले होते, त्या गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव आणि किती तागे." तीस वर्षांनी गाडीचा नंबर तोंडपाठ! एकूण सव्वीस अक्षरं झाली. सुरक्षा म्हणून उत्तमच, पण हा पासवर्ड टीव्हीच्या रिमोटवर बाण दाबत टाकायचा ज्याच्यावर प्रसंग येईल तोच जाणे. एकविसाव्या अक्षराला माझा अंगठा घसरला आणि मागे जायच्या ऐवजी होमवर गेले. पहिल्यापासून. मामी शेजारी बसून सिरीयल किती वाजता असते ते दर दोन मिनिटांनी सांगत होती. तिच्या मंडळींसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क करून दिलं, त्याचा पासवर्ड सोपा, त्यावरनं घरातला टीव्ही दिसत नाही. फ्रिजवर आता तो आहे, त्याच मॅग्नेटखाली.

पुण्याला आले, विसरले. गणपतीला परत सांगलीला गेले तर हॉलच्या दारात टेबल, टेबलावर जाडजूड रजिस्टर, रेघा मारलेल्या. दिनांक, वेळ, नाव, यंत्राचा प्रकार, यंत्राच्या पत्त्याचे शेवटचे चार आकडे, आवक, जावक, सही. गवळ्याची रोज सही. "भिशी, नग ९." ओंकारच्या नावापुढं शेऱ्यात लाल पेनानं "टीव्हीपासून लांब ठेवणे". मामा तीन महिन्यांत पाच वर्षांनी तरुण दिसत होते.

मी फोन गेस्टला जोडला. त्यांनी लॅपटॉपवर यादी बघितली, रजिस्टर मागं चाळलं, परत यादी बघितली, चष्मा काढला.

"मने, फोन बदललास?"

"नाही, तोच आहे."

"मग जूनमध्ये शेवटचे आकडे वेगळे होते."

म्हणलं मामा, तेव्हा मी तुमच्या घरच्या नेटवर्कवर होते, आता गेस्टवर आहे, हल्लीचे फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा पत्ता सांगतात.

"म्हणजे प्रत्येक नाक्यावर वेगळी नंबरप्लेट."

"अहो कंपनीच देते तशी, आपल्याच सुरक्षेसाठी."

"सगळे ड्रायव्हर हेच सांगतात," मामा म्हणाले आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "इथं सही कर. आणि परवा निघताना जावक टाकल्याशिवाय जाऊ नकोस."